दगड रिकामे फिरतायत

गिरणीत दळण असलं की तिचा आवाज जाड येतो, पोटभर जेवलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा. आतला दाणा संपला की तोच आवाज चिरका होतो, दगडाला दगड घासतो आणि ऐकणाऱ्याच्या दातांत कळ जाते. हे कळायला गिरणीवालाच असावं लागतं असं नाही. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा घरात बसून सांगेल, गिरणी भरलेली आहे की रिकामी.

पण सगळ्यांत तिखट कान माझ्या सासूचे. सासरे गेल्यावर मुलगा हाताशी येईपर्यंत तिनं एकटीनं गिरणी चालवली होती. पुढे पाय गेले, तशी ती मागच्या खोलीत खाटेवर बसली. कान मात्र गिरणीतच राहिले. मधे एक भिंत. दळण संपलं आणि आमचं लक्ष नसलं, की ती हातातल्या काठीनं भिंत ठोकायची. मागोमाग ओरडायची, "दगड रिकामे फिरतायत." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही म्हातारी भिंतीला नाही, मलाच ठोकतेय. आमचं कधी गोड नव्हतं. ती म्हणायची मी पीठ सांडते, मी म्हणायची तिचे डोळे गेलेत तरी सांडलेलं बरं दिसतं. असं आमचं चालायचं.

साथ आली तेव्हा गावानं काय काय सोडलं याची गंमत वाटावी. आधी बायका गिरणीत दळणाला यायच्या त्या निम्मा दिवस बसायच्या. कोणाची सून कशी, कोणाचा जावई कसा, सगळ्याचं पीठ इथंच व्हायचं. आता दारासमोर रस्त्यावर चुन्याचे गोल आखले. एका गोलात एक माणूस, तोंडाला फडकं. पिशवी ओट्यावर ठेवायची आणि मागे सरायचं. मी पिशवी उन्हात ठेवायची, मग आत न्यायची. पीठ चिमटीत घेऊन चोळून बघायची जुनी सवय, तीही गेली. जसं मिळेल तसं न्यायचं. पाहता पाहता लोकांना त्याची सवय झाली. लहान पोरं तर चुन्याचा गोल दिसला की आपोआप आत जाऊन उभी राहायला लागली, खेळतानासुद्धा.

शाळेतले बाक अंगणात ओढून काढले आणि आत खाटा टाकल्या. बाकांवर पाऊस पडला, ऊन पडलं, फळ्या उकलल्या. सुतारानं दारं-खिडक्यांचं काम बंद केलं. तो आता फक्त लांब पेट्या करत होता, आणि त्याबद्दल त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

शाळेत घंटा वाजवणारा शिपाई होता, त्याला सगळे घंट्या म्हणायचे. शाळाच उरली नाही, तेव्हा त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. दिवसातून दोनदा त्यानं गल्ल्यांमधून फिरायचं, आणि कुठल्या घरातून खोकला ऐकू आला की शिट्टी फुंकायची. मग चौघं जण गाडी घेऊन यायचे, दारावर चुन्याची फुली मारायचे आणि माणसाला शाळेत न्यायचे. घंट्याचा शिट्ट्या झाला. एके काळी पोरं त्याच्या पाठीवर खडू मारायची, आता तो कोपऱ्यावर दिसला की भली भली माणसं श्वास धरून बसायची.

दूधवाल्याला नेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. धडधाकट माणूस. सकाळी माप घालताना खोकला, दुपारी शिट्टी वाजली. गाडीत चढताना तो बायकोला म्हणत होता, "भांडी उन्हात घाल, वास येईल." पुढल्या आठवड्यात त्याला शाळेच्या मागच्या दारानं चादरीत गुंडाळून नेलं, आणि बायकोला कळलं ते नेल्यावर. तिची भांडी अजून अंगणात पालथी पडली होती.

म्हणून सासू पहिल्यांदा खोकली तेव्हा मी म्हणाले, "पीठ गेलं असेल."

गिरणीच्या घरात खोकला नवा नाही. आम्ही सगळेच पीठ खातो, नाकानं आणि तोंडानं. आमचे हेही म्हणाले, "पीठच." सासूही म्हणाली, "पीठ गं, दुसरं काय?" तिघांनी एकदम म्हटलं, तिथंच मला धस्स झालं. संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावला तर हात मागे घ्यावासा वाटला.

हे दारात उभे होते. मी म्हणाले, "आता?"

"आता काय? कोणाला सांगायचं नाही."

"आणि शिट्ट्या?"

ह्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो यायच्या वेळेला गिरणी चालू ठेवायची. गिरणी चालू असली की आत ढोल बडवला तरी बाहेर ऐकू येत नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. एका हातानं तिचं कपाळ पुसायचं आणि त्याच हातानं गावाचं पीठ भरायचं. हात घासून घासून कातडी सोलली, तरी पिशवीचं तोंड बांधताना मनात यायचंच, की यातून काय काय जातंय कोणाच्या घरी. पण तिला त्या बाकांच्या गर्दीतून आत नेताना मी पाहू शकणार नव्हते. भांडायला का होईना, माझी होती ती.

पहिले काही दिवस निभावलं. हे दळण हळूहळू सोडायचे, म्हणजे एक पिशवी बराच वेळ पुरायची. शिट्ट्या कोपऱ्यावर दिसला की मी आतून हाक मारायची आणि हे बटण दाबायचे. पट्टा फटफट करत फिरायला लागायचा, जमीन हलायला लागायची, आणि मागच्या खोलीत सासू तोंडावरचं फडकं काढून मनसोक्त खोकून घ्यायची. एकदा म्हणाली, "तो कधी येतो याची इतकी वाट मी तुझ्या सासऱ्याचीसुद्धा पाहिली नव्हती."

मग दळणं कमी व्हायला लागली. लोक घरचं उरलेलं पुरवून खात होते, काहींनी घरातच दगडावर भरडायला घेतलं. ओटा रिकामा राहायला लागला. पण शिट्ट्या वेळेवर यायचाच. मग हे रिकामी गिरणी चालू करायचे.

तो आवाज सुरू झाला की आधी भिंतीवर काठी वाजायची. ठक, ठक. मग खोकला, मग परत काठी.

मी धावत जाऊन म्हणायची, "आई, मुद्दाम चालवलीय. तुमच्यासाठी."

"मला कळतं गं. मी खुळी नाही. पण दगड खातोय तो. तुझ्या सासऱ्यांनी खांद्यावरून आणलेत ते. त्याला म्हणावं बंद कर."

"बंद केली तर तुम्हाला नेतील."

"नेऊ देत," ती म्हणायची, आणि मग माझं मनगट असं घट्ट धरायची की तिला जायचं नाही हे न सांगता कळायचं. तरीही काठी ठोकायची थांबत नव्हती. हाताला सवयच ती. दगड रिकामे फिरले की तिला गप्प राहवत नसे.

दगडांचं जे व्हायचं ते झालं. एके दिवशी सुतार आला. गोलात उभा राहिला, हातातली पिशवी ओट्यावर आपटली. पीठ उडालं.

"हे काय दिलंस?" तो ह्यांना म्हणाला. "दाताखाली कचकच लागतं. पोराच्या तोंडातून रक्त आलं."

"दगडांना टाकी लावायची राहिलीय," हे म्हणाले. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना परत खरखरीत करायचं, त्याला आम्ही टाकी लावणं म्हणतो.

"टाकीचं मला सांगू नकोस. मीपण हत्यारावर जगतो. दगड झिजलेत तुझे. दळायला दळण नाही, मग झिजले कसे?"

ह्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत ह्यांच्या पिठाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. सुतार ओट्याजवळ वाकला. मला वाटलं पिशवी उचलतोय, पण त्यानं फक्त सांडलेल्या पिठात बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. पीठ तिथंच टाकून निघून गेला. ते मी संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं, झाडायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वरचा दगड उतरवला आणि टाकी घेऊन बसले. गिरणी बंद, पण छिन्नीचा टकटकाट होता, तेवढ्यावर आम्ही भागवलं. सासू उशीत तोंड खुपसून खोकत होती. तिची पाठ अशी उडायची की खाटेची दोरी करकरायची. मी पाठीवर हात ठेवला. नुसती हाडं लागली. कालपर्यंत मला शिव्या घालणारी एवढी मोठी बाई या हाडांमध्ये कुठे मावत होती कोण जाणे.

दुपारी बाहेरून हाक आली, "वहिनी."

शेजारची शिंपीण गोलात उभी होती. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. आख्ख्या गावाच्या तोंडावरची फडकी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं शिवली होती, उरलेल्या चिंध्यांची. माझ्या तोंडावर कोणाच्या तरी पडद्याची फुलं होती. शिंपिणीनं ओट्यावर पिशवी ठेवली.

"दळण आणलंय."

मी पिशवी उचलली तर ती मऊ लागली. तोंड सोडून पाहिलं. आत पीठ होतं, आमच्याच गिरणीतलं, चार दिवसांपूर्वी नेलेलं.

"अगं, हे दळलेलंच आहे."

"परत दळा."

"पिठाचं काय परत दळायचं? डोकं ठिकाणावर आहे का?"

तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "वहिनी, आज सकाळपासून गिरणी बंद आहे. बंद ठेवू नका."

मी तिच्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेजारच्या शिवणयंत्राचा आवाज कितीतरी दिवसांत आला नव्हता. शिंपी सकाळपासून पायाखाली ते यंत्र खडखडवायचा, आम्हाला त्याचा वैताग यायचा. मी तोंड उघडलं, पण तिनं मान हलवली. विचारू नका, असं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "दळते."

ह्यांनी दगड परत चढवला. पीठ वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतलं आणि गिरणी सुरू केली. आवाज बरा आला, अगदी जाड नाही, पण रिकामाही नाही. काठी वाजली नाही. शिंपीण घरी गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर गल्लीतले एकेक जण यायला लागले. कोणी भुसा मिसळलेलं आणायचं, कोणी गुरांचा दाणा, कोणी आधीच दळलेलं. समोरच्या घरातली म्हातारी ओंजळभर दाणे घेऊन आली आणि म्हणाली, "बारीक नको, पण सावकाश दळा." कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. गोलात उभं राहायचं, ठेवायचं, निघायचं. मला आधी बरं वाटलं, की गाव आपल्याला सांभाळून घेतंय. मग एका दुपारी नको म्हटलं तरी मन घरं मोजायला लागलं, आणि बरं वाटणं थांबलं. आपल्यासाठी कोण कशाला येईल? ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी उशीत तोंड खुपसून बसलेलं होतं. आणि त्यातल्या किती घरांत मी पीठ भरून दिलं होतं.

मी ह्यांना तसं म्हणाले. हे पत्र्याच्या तोंडात हात घालून दाणे सारखे करत होते.

"माहितेय मला," म्हणाले.

"कधीपासून?"

"सुतार बोट फिरवून गेला तेव्हापासून. त्याच्या पोराच्या तोंडातून रक्त आलं म्हणाला ना? ते पिठातल्या खड्यानं आलं असेल, असं मी रोज म्हणतो स्वतःला."

आत सासू खोकत होती, आता खोकल्याचाही आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. ओल्या कापडानं फटके मारावेत तसा.

पट्टा तुटला तो दिवस ढगाळ होता, वारा अजिबात नव्हता. शिट्ट्या कोपऱ्यावर वळलेला मी पाहिला, हाक मारली, ह्यांनी बटण दाबलं. गिरणी दोन-चार गरके फिरली आणि फाडकन आवाज झाला. पट्टा सापासारखा उसळून भिंतीवर आपटला. मोटार नुसतीच घरघरली. ह्यांनी ती बंद केली.

अशी शांतता त्या गल्लीत आम्ही विसरूनच गेलो होतो. मागच्या खोलीत सासू खोकली. तिला बिचारीला कळलं नव्हतं, तिनं फडकं बाजूला काढलेलं होतं. मी आत धावणार तोच भिंतीपलीकडे शिंपी खोकला. मग समोरच्या म्हातारीच्या घरात कोणीतरी. मग त्याच्या पलीकडे, मग वरच्या अंगाला, मग एक लहान पोर, बारीक आवाजात, थांबेचना. एकानं दाबायला जावं तर दुसऱ्याचं निसटावं. आख्खी गल्ली खोकत होती.

शिट्ट्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. शिट्टी त्याच्या ओठांत होती. त्यानं आमच्या दाराकडे पाहिलं, मग शिंपिणीच्या, मग समोर. कुठल्या दाराकडे तोंड करून फुंकावी हे त्याला कळेना. त्याचं स्वतःचं घर गल्लीच्या खालच्या टोकाला. तो त्या बाजूला वळला आणि कान देऊन उभा राहिला. आम्हीही ऐकलं. तिकडूनही खोकला येत होता.

त्यानं शिट्टी ओठांतून काढली. सरळ आमच्या ओट्यापाशी आला.

"बंद का केली?" ह्यांना म्हणाला.

"पट्टा तुटला."

"मग जोडा."

शिंपीण दारात आलेली होती. तिनं काही न विचारता आतून दाभण आणि मेण लावलेला दोरा आणला. चुन्याचा गोल ओलांडून, ओटा चढून ती गिरणीत आली. किती दिवसांनी आमच्या उंबऱ्याच्या आत परकं पाऊल पडलं. जमिनीवर मांडी घालून तिनं पट्टा शिवला, हे दोन्ही टोकं धरून बसले. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. बाहेर खोकला चालूच होता आणि आम्ही तिघंही तो ऐकू येत नसल्यासारखे टाके बघत होतो.

पट्टा चढवून हे म्हणाले, "आत दाणा नाही. रिकामी चालवली तर आता दगड राहणार नाहीत."

शिट्ट्या घरी गेला आणि खांद्यावर आख्खं पोतं घेऊन आला. त्याच्या फडक्यावर घाम आला होता. त्यानंही गोल पाहिला नाही. आत येऊन पोतं स्वतःच्या हातानं वर ओतलं, आणि म्हणाला, "शाळेत जागा नाही. कालपासून नाही. मी उगाच फिरतोय." मग जाऊन ओट्यावर बसला, आमच्याकडे पाठ करून.

ह्यांनी बटण दाबलं. गिरणी जाड आवाजात बोलायला लागली. गल्ली परत झाकली गेली.

मी मागच्या खोलीत गेले. सासू भिंतीला टेकून बसली होती, काठी मांडीवर आडवी. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी पाणी पाजलं, निम्मं हनुवटीवरून ओघळलं. ती कान देऊन ऐकत होती. चेहऱ्यावर समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

"भरलीय आता," म्हणाली. "कोणाचं दळण?"

"शिट्ट्याचं."

ती हसली. हसता हसता दम लागला. माझं मनगट धरून म्हणाली, "त्याच्या घरचं कधी निवडलेलं नसतं. खडे बघून टाक म्हणावं."

"सांगते."

"जा. पीठ सांडशील."

मी गिरणीत परत आले. कापडी नळीतून गरम पीठ डब्यात पडत होतं, मी नळी धरून उभी राहिले. हे वर दाण्यांकडे लक्ष ठेवून होते. शिंपीण घरी गेली होती. बराच वेळ असा गेला. पिठाचा ढग उठला, तोंडावरच्या फुलांवर बसला, पापण्यांवर बसला. त्या आवाजात माणूस विचार करत नाही, ते एक बरं असतं. पोत्याएवढं दळण, सरणार नाही असं वाटत होतं.

मग आवाज बदलला. आधी थोडा पातळ झाला, मग चिरका. नळीतून पीठ यायचं थांबलं. दगडाला दगड घासायला लागला आणि माझ्या दातांत कळ गेली.

ह्यांनी हात बटणाकडे नेला आणि तसाच धरला. माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

ओट्यावर शिट्ट्यासुद्धा वळून बसला होता.

दगड रिकामे फिरत होते. हे बटण दाबत नव्हते. आम्ही काठीची वाट बघत उभे राहिलो.